वणव्यावर नजर ठेवणारे मनोरे

ज्वारी हुरड्यावर आली की परभणीकडच्या शेतांत माळे उभे राहतात. चार मेढी, वर फांद्यांचा नाहीतर फळ्यांचा थर आणि त्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदार. त्याने इतक्या उंचावर का बसावे, हे कोणी विचारीत नाही. खाली उभे राहिले तर पुरुषभर उंच ताटांपलीकडचे पाखरू दिसणार कसे?

जंगलाच्या राखणदाराचीही हीच अडचण असते. फक्त त्याच्यासमोर ताटांऐवजी साग आणि धावडा असतात, आणि पाखरांऐवजी त्याला धूर शोधायचा असतो.

परभणी जिल्ह्यात जंगल थोडेच आहे. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या डोंगरांचे फाटे आणि दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटचे डोंगर, तेवढ्यातच काय ते झाडझाडोरा आणि गवत. फेब्रुवारीपासून पाने गळू लागतात, गवत वाळते आणि पहिला पाऊस पडेपर्यंत एखादी विडीसुद्धा वणव्याला पुरते. आपल्याकडचे बहुतेक वणवे जमिनीवरून सरकणारे असतात. ते शेंड्यांवरून धावत नाहीत, पाचोळा आणि गवत जाळीत जातात. मोठे झाड पुष्कळदा वाचते, पण कोवळी रोपे, बी आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी वाचत नाहीत. असा वणवा खोलीएवढ्या जागेत असताना दोन माणसे हिरव्या डहाळ्यांनी झोडपून तो विझवू शकतात. वारा सुटला आणि तासभर गेला, तर पन्नास माणसेही अपुरी पडतात. म्हणून तो कोणाला, किती लवकर आणि कोठे दिसला, यावर सारे अवलंबून असते.

किती उंच चढले म्हणजे किती दूरचे दिसेल? पृथ्वी गोल आहे, म्हणून सपाट मैदानातही नजरेला क्षितिजाची मर्यादा पडते. पायथागोरसच्या सिद्धांतावरून एक सोपे सूत्र निघते. डोळ्याची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर. डोळा ९ मीटर उंचीवर असेल तर क्षितिज सुमारे १०.७ किलोमीटरवर, २५ मीटरवर असेल तर सुमारे १७.९ किलोमीटरवर. गंमत पाहा, अंतर दुप्पट हवे असेल तर उंची चौपट करावी लागते! म्हणूनच शहाणे लोक नुसता मनोरा उंच करीत बसत नाहीत, तो टेकडीच्या माथ्यावर बांधतात. धूर स्वतःही वर चढतो, त्यामुळे क्षितिजाआडची आगसुद्धा कळू शकते. उलट उन्हाळ्यातील धुळकट हवा आणि मध्ये येणारे डोंगर ही मर्यादा पुष्कळ कमी करतात.

धूर दिसला, पण तो नेमका कोठे आहे? यासाठी अमेरिकेच्या वनखात्यातील विल्यम ऑस्बोर्न यांनी १९११ च्या सुमारास एक यंत्र तयार केले. मध्यभागी त्या भागाचा गोल नकाशा, भोवती अंशांच्या खुणा केलेले धातूचे कडे आणि कड्यावर समोरासमोर दोन दर्शके. एका दर्शकात बारीक फट, दुसऱ्यात ताणून बसविलेला घोड्याचा केस. फटीतून पाहत केस धुराच्या बुडाशी आणायचा आणि कोन वाचायचा. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेल्या या कोनाला दिगंश म्हणतात.

एका मनोऱ्यावरून फक्त दिशा कळते. दुसऱ्या मनोऱ्याने दिशा सांगितली की जागा ठरते. उदाहरण घेऊ. ‘अ’ मनोऱ्याच्या बरोबर पूर्वेस १० किलोमीटरवर ‘ब’ मनोरा आहे. ‘अ’ वरून धुराचा दिगंश ६०° आणि ‘ब’ वरून ३३०°. वहीत १ सेंमी = १ किमी या प्रमाणात आकृती काढा. दोन रेषा काटकोनात छेदतात आणि आग ‘ब’ पासून ५ किमी, तर ‘अ’ पासून सुमारे ८.७ किमी अंतरावर निघते. कोन मोजण्यात एका अंशाची चूक झाली, तर ‘अ’ ची रेषा आगीपाशी सुमारे १५० मीटर बाजूला सरकते. एवढी चूक चालण्यासारखी आहे. पण आग दोन मनोऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवरच असेल तर? मग दोन्ही रेषा एकावर एक पडतात आणि छेदबिंदू मिळतच नाही. अशा वेळी तिसरा मनोरा लागतो.

अमेरिकेत असे मनोरे झपाट्याने वाढले ते एका भयंकर घटनेनंतर. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे १२ लाख हेक्टर जंगल जळाले आणि ८५ हून अधिक माणसे मेली. १९१३ साली कॅलिफोर्नियात हॅली डॅगेट या तरुणीची टेहळणीवर नेमणूक झाली. डोंगरमाथ्यावर एकटी बाई टिकेल का, अशी शंका घेतली जात असे. ती पंधराएक हंगाम टिकली. १९३० नंतरच्या दशकात बेकार तरुणांच्या हातांना काम देण्यासाठी सरकारने असे शेकडो मनोरे आणि चौदा फूट लांब-रुंद खोल्या बांधून घेतल्या. माथ्यावर विजेचे भय मोठे. कडकडाट सुरू झाला की टेहळ्या एका खास स्टुलावर उभा राही. त्याच्या पायांना काचेचे तुकडे बसविलेले असत. का बरे? विचार करा.

पुढे विमाने, कॅमेरे आणि उपग्रह आले आणि हजारो मनोरे ओस पडले. काही कोसळले, काही मुद्दाम पाडले गेले. तेव्हा सुट्टीत डोंगर चढून त्यांची नोंद करणारे हौशी लोक पुढे आले. १९९० साली त्यांनी आपली संघटना स्थापन केली आणि उरलेल्या ऐतिहासिक मनोऱ्यांची नोंदवही सुरू केली. ही माणसे छपरे शाकारतात, तुटलेल्या काचा बसवतात. काही ठिकाणी तर लाकडांना क्रमांक घालून अख्खी खोली उतरवली गेली आणि दुसरीकडे पुन्हा जोडली गेली.

जतन म्हटले की सगळे एकमत होतात, असे मात्र नाही. वॉशिंग्टन राज्यातील ग्रीन माउंटनवरची १९३३ सालची खोली बर्फाने खिळखिळी झाली होती. दुरुस्तीसाठी सामान नेताना हेलिकॉप्टर वापरले गेले. पण ते रान कायद्याने यंत्रांपासून मुक्त ठेवलेले! निसर्गप्रेमी न्यायालयात गेले आणि २०१२ साली ती खोली तेथून हटविण्याचा आदेश झाला. अखेर २०१४ साली संसदेने खास कायदा करून ती वाचविली. दोन्ही पक्ष जंगलावर प्रेम करणारेच होते. माझे मत विचाराल तर खोली राहिली हे बरे झाले, पण सामान खेचरांवरून न्यायला हवे होते.

आपल्या देशात डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांवरून वणव्यांच्या सूचना देत आहे. आता त्या मोबाइलवर येतात. सध्या वापरात असलेल्या एका उपग्रह-उपकरणाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरील सुमारे ३७५ मीटर बाजूचा चौरस. शिवाय असा उपग्रह ठराविक वेळीच डोक्यावरून जातो. त्याची फेरी नुकती होऊन गेल्यावर पेटलेले गवत तो पुढच्या फेरीलाच पाहणार, आणि मध्ये ढग आला तर तेव्हाही नाही. म्हणून मेळघाटासारख्या जंगलात उपग्रहाबरोबर मनोऱ्यावरचा माणूसही लागतो, आणि जाळरेषा साफ करणारे हातही.

दिगंशाचा प्रयोग तुम्ही शाळेच्या मैदानावरून करू शकता. दूरचे देवळाचे शिखर निवडा. मैदानात शंभर-दीडशे मीटर अंतरावरील दोन जागांवरून होकायंत्राने त्याचे दिगंश घ्या. होकायंत्र लोखंडी कुंपणापासून आणि सायकलीपासून दूर धरा, नाहीतर सुई फसवील. आकृती काढून शिखराचे अंतर ठरवा आणि ते तालुक्याच्या नकाशाशी ताडून पाहा. फार फरक पडला, तर दोन जागांमधील अंतर वाढवून पुन्हा मोजा.