पाठ १४ : दोन तबकड्यांची किमया

प्रास्ताविक

लग्नाची वरात असो वा गणेश विसर्जनाची मिरवणूक, 'डीजे' हा शब्द तुमच्या कानांवर पडला असेलच. महाराष्ट्रात या शब्दाचा अर्थ पुष्कळदा 'ध्वनिवर्धकांची भिंत' असा घेतला जातो. वास्तविक डीजे हे यंत्र नव्हे; ती एक व्यक्ती आहे. 'डिस्क जॉकी' या शब्दांचे ते संक्षिप्त रूप. अमेरिकेत रेडिओवरून तबकड्या, म्हणजेच ध्वनिमुद्रिका वाजवणाऱ्या निवेदकाला हे नाव मिळाले. पुढे तबकड्या वाजवता वाजवताच त्यातून एक स्वतंत्र कला जन्मली. या कलेचा परिचय आपण प्रस्तुत पाठात करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• या कलेचा उगम कोणत्या परिस्थितीत झाला हे सांगता येईल;
• गीतांची निवड, मिश्रण व निर्मिती यांमागील तंत्र स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करता येईल;
• दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून केलेल्या नवनिर्मितीविषयी मत मांडता येईल.

मूळ पाठ

न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स हा भाग १९७० च्या दशकात दारिद्र्याने ग्रासलेला होता. महामार्गाच्या बांधकामामुळे हजारो कुटुंबे विस्थापित झाली होती. अशा वस्तीतील सेजविक मार्गावरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी एक छोटासा नृत्याचा कार्यक्रम झाला. शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून सिंडी कॅम्पबेल या मुलीने तो योजला होता. प्रवेशमूल्य होते मुलींना २५ सेंट व मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजवायला बसला होता तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. जमैकात जन्मलेला हा तरुण 'कूल हर्क' या नावाने प्रसिद्ध झाला.

हर्कचे निरीक्षण सूक्ष्म होते. गाणे थांबून केवळ तालवाद्ये वाजू लागली, की नाचणाऱ्यांच्या अंगात चैतन्य संचारते, हे त्याने हेरले. पण हा भाग, ज्याला 'ब्रेक' म्हणतात, काही सेकंदांतच संपे. त्यावर त्याने साधा उपाय शोधला. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या त्याने दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरील ब्रेक संपत आला, की दुसरीवरील तोच भाग सुरू करायचा. अशा रीतीने काही सेकंदांचा ताल कित्येक मिनिटे चालू लागला. हिप-हॉप संगीताची पायाभरणी येथेच झाली, असे मानले जाते.

ग्रँडमास्टर फ्लॅश याने या तंत्राला अचूकता आणली. ब्रेक कोठे सुरू होतो हे कळावे म्हणून तो तबकडीवर खडूने खुणा करी आणि पुढची तबकडी श्रोत्यांना ऐकू जाण्यापूर्वी हेडफोन लावून स्वतः ऐकून घेई. ग्रँड विझर्ड थिओडोर याने तबकडी हाताने मागेपुढे घासून निघणाऱ्या खरखरीलाच वाद्याचे रूप दिले. वाद्य वाजवणे न शिकताही या तरुणांनी गाणी वाजवण्याच्या यंत्रालाच वाद्य बनवले.

निवड हा या कलेचा प्राण होय. कुशल डीजे आधी समोरच्या समुदायाकडे पाहतो. सारी उत्साही गाणी आरंभीच वाजवली, तर पुढे काही उरत नाही. म्हणून तो मंद लयीपासून हळूहळू वर चढतो, मध्येच विसावा देतो आणि पुन्हा चढवतो.

निवडीनंतर येते मिश्रण. समजा, चालू गाण्याची गती मिनिटाला १२६ ठोके आहे आणि पुढच्याची १२०. अशा वेळी दुसऱ्याची गती ५ टक्क्यांनी वाढवावी लागते. मात्र तबकडी वेगाने फिरली, की सूरही वर चढतो. सुमारे ६ टक्क्यांत तो अर्ध्या स्वराने बदलतो. आज संगणकाच्या साहाय्याने सूर न बदलता गती बदलता येते. पण केवळ गती जुळून भागत नाही. तबलजी जसा समेवर येतो, तसे नवे गाणे बहुधा सोळा वा बत्तीस ठोक्यांच्या आवर्तनाच्या आरंभी यावे लागते. शिवाय दोन्ही गाण्यांतील खर्जाचे ध्वनी एकत्र आले, की गोंगाट होतो. म्हणून एकाचा खर्ज कमी करून मगच दुसऱ्याचा वाढवतात.

काही डीजे याच्याही पुढे गेले. शिकागोच्या 'वेअरहाउस' या क्लबमध्ये १९७७ पासून वाजवणारा फ्रँकी नकल्स ध्वनिफितीचे तुकडे जोडून गाण्यांची नवी रूपे सिद्ध करी. पुढे तालयंत्रेही आली. नृत्यसंगीताचे निर्माते आजही ताल, खर्ज व सुरावट यांचे थर रचतात आणि आरंभी व शेवटी केवळ ताल ठेवतात, जेणेकरून इतर डीजेंना मिश्रण सोपे जावे.

मात्र दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेणे ही निर्मिती की उचलेगिरी? १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या गायकाविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर मूळ हक्कधारकाची परवानगी आधीच घेण्याची रीत दृढ झाली. कल्पकतेला मोल आहे. तसेच मूळ कलावंताच्या श्रमालाही आहे.

आपल्याकडे वाद आहे तो आवाजाचा. ध्वनिप्रदूषणविषयक नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दीर्घकाळ अतितीव्र आवाज ऐकल्यास गमावलेली श्रवणशक्ती परत येत नाही. दोन तबकड्यांचे ठोके जुळवण्यासाठी ज्या कलावंताला इतके बारकाईने ऐकावे लागते, त्याच्याच नावाने इतरांचे कान बधिर व्हावेत, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

शब्दार्थ

किमया – जादू, विलक्षण कौशल्य
खर्ज – खालच्या पट्टीतील गंभीर स्वर
आवर्तन – तालाचा एक पूर्ण फेरा
उचलेगिरी – दुसऱ्याचे आपले म्हणून वापरणे

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) तालवाद्यांच्या भागाला ______ म्हणतात.
(आ) फ्रँकी नकल्स ______ या क्लबमध्ये वाजवत असे.
२. कूल हर्कने ब्रेक लांबवण्यासाठी कोणती युक्ती योजली?
३. गती जुळूनही मिश्रण का बिघडू शकते? दोन कारणे लिहा.
४. 'दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरणे ही नवनिर्मिती होय.' या विधानाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.
५. उपक्रम : आवडत्या गाण्याचे ठोके अर्धा मिनिट मोजा व त्या संख्येची दुप्पट करून त्याची मिनिटाची गती काढा.