पानाची डावी बाजू : अर्धांगवायूनंतरची अर्धी दृष्टी

अर्धांगवायूतून उठलेल्या माणसाचे आपण हातपाय बघतो. हात वर होतो का, पाऊल नीट पडते का, बोलणे स्पष्ट आहे का, एवढे विचारून झाले की "आता बरे आहेत" म्हणत पाहुणे चहा घेऊन निघतात. दिसते कसे, हे सहसा कोणी विचारत नाही. रुग्णालाही ते पुष्कळदा सांगता येत नाही.

माझ्याकडे एक किराणा दुकानदार येत. वय ६३. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकून त्यांचा डावा हात-पाय लुळा पडला होता. दोन महिन्यांत ते काठीच्या आधाराने चालू लागले. वाचा तर गेलीच नव्हती. पण घरात रोज जेवताना वाद. "पानात चटणी नाही, कोशिंबीर नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही," ही त्यांची तक्रार. "सगळे वाढलेले असते, यांनाच नको असते," हे घरच्यांचे म्हणणे. आजारपणाने लहरी झाले, असे त्यांच्या पत्नीने ठरवून टाकले होते. चष्मा दोनदा बदलून झाला होता. शेवटी सुनेच्या लक्षात आले, की उजवीकडची भाजी-आमटी संपते, भात उजव्या अंगाने निम्मा खाल्ला जातो आणि डावी बाजू जशीच्या तशी राहते. एके दिवशी तिने काही न बोलता ताट फिरवून ठेवले. "आता वाढलीस होय चटणी?" असे म्हणून सासऱ्यांनी ती खाल्ली! सुनेने हे मला सांगितले तेव्हा निम्मे निदान तिनेच केलेले होते.

वाचकहो, डोळा फक्त चित्र घेतो. ते चित्र 'दिसते' मेंदूत, आणि तेही डोक्याच्या अगदी मागच्या बाजूला, आपण उशीवर टेकवतो त्या भागात. दोन्ही डोळ्यांसमोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग उजव्या मेंदूकडे जातो आणि उजवा अर्धा भाग डाव्या मेंदूकडे. त्यामुळे उजव्या मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर दोन्ही डोळ्यांना डावीकडचे दिसत नाही. "डाव्या डोळ्याने दिसत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींचा डावा डोळा ठणठणीत असतो, तो याच कारणाने.

हे ज्ञान कसे मिळाले, ती हकीकत मोठी विलक्षण आहे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात डोक्याला गोळी लागूनही अनेक जपानी सैनिक वाचले. नव्या रायफलींची बारीक, वेगवान गोळी कवटीतून आरपार निघून जाई. या सैनिकांना निवृत्तिवेतन ठरवण्यासाठी त्यांची दृष्टी किती गेली हे तपासण्याचे काम तात्सुजी इनोये या नेत्रतज्ज्ञाकडे आले. गोळी कोठून शिरली, कोठून बाहेर पडली आणि दृश्याचा कोणता तुकडा हरवला, याचा मेळ घालत त्याने मेंदूतल्या दृष्टीचा नकाशाच तयार केला. तो १९०९ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा चष्म्याचा नंबर वाढवून हरवलेली बाजू परत येत नाही. थेंबांनीही येत नाही. मोतीबिंदू असेल तर तो जरूर काढावा, आधीचा चष्मा रुग्णालयाच्या कपाटात विसरला असेल तर तो शोधून द्यावा (हे फार वेळा घडते), पण त्यापुढे चष्म्यावर खर्च करू नये.

आमच्या दुकानदारांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ज्याची केवळ अर्धी दृष्टी गेली आहे, तो काही दिवसांत मान वळवून बघायला शिकतो, निदान आपल्याला काहीतरी दिसत नाही एवढे त्याला कळते. पण उजव्या मेंदूच्या वरच्या-बाजूच्या भागाला इजा झाली, तर 'डावी बाजू' ही कल्पनाच मनातून पुसली जाते. माणूस उजव्या गालाची दाढी करतो आणि वस्तरा ठेवून देतो. घड्याळ काढायला सांगितले तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो. १९७८ साली इटलीतल्या दोन संशोधकांनी मिलान शहरातल्या अशा रुग्णांना सांगितले, की आपल्या गावच्या मोठ्या चर्चकडे तोंड करून चौकात उभे आहात असे समजा आणि काय काय दिसते ते सांगा. त्यांनी फक्त उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग चर्चकडे पाठ करून उभे आहात असे समजायला सांगितले, तर आता आधी वगळलेल्या इमारती सांगितल्या! आठवण शाबूत होती आणि डोळ्यांचा तर येथे संबंधच नव्हता. म्हणून अशा माणसावर "नीट बघा ना" असे खेकसण्यात काही अर्थ नाही.

दृष्टीच्या इतरही तक्रारी असतात. एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर तात्पुरता एक डोळा झाकल्याने आराम पडतो. पुढे नेत्रतज्ज्ञ विशिष्ट काच देऊ शकतात. काहींना न दिसणाऱ्या बाजूला माणसे, जनावरे, नक्षी असे भास होतात. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. डॉक्टरांना मात्र सांगावे.

घरी एक साधी तपासणी करता येते. रुग्णासमोर दोन हातांच्या अंतरावर बसा. त्याचा एक डोळा झाका आणि त्याला तुमच्या नाकाकडे बघायला सांगा. आता बाजूला हात धरून "किती बोटे?" असे विचारा, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मग दुसरा डोळा. शेवटी दोन्ही डोळे उघडे ठेवून दोन्ही बाजूंची बोटे एकदम हलवा. एकेकटे बोट दिसते पण दोन्ही एकदम हलवल्यावर एकाच बाजूचे दिसते, असे असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

इथे एक महत्त्वाची सूचना. हातपाय चांगले असताना अचानक अर्धे दिसेनासे झाले, किंवा एकाएकी दोन-दोन दिसू लागले, तर तोही अर्धांगवायूचाच झटका असू शकतो. चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आता उपचार. दृष्टीत जी नैसर्गिक सुधारणा व्हायची, ती बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत होते; सहा महिन्यांनंतर हरवलेला भाग परत येणे विरळाच. पण नजर फिरवण्याची सवय त्यानंतरही लावता येते, आणि खरा फायदा तिचाच आहे. डावीकडचे दिसत नसेल तर मान आणि डोळे मुद्दाम, झटकन, वाजवीपेक्षा जास्त डावीकडे न्यायचे, मग उजवीकडे यायचे. टेबलावर पत्ते पसरून चारही राजे शोधायला लावा. फळीवरच्या डब्यांतून साखरेचा डबा काढायला सांगा. याच अंकातल्या एखाद्या बातमीतले सगळे 'क' पेन्सिलीने खोडायला द्या आणि डावीकडचे किती सुटले ते त्यांनाच मोजू द्या.

वाचताना ओळीची सुरुवात हरवते आणि मजकूर निरर्थक वाटतो. कागदाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावावी आणि "लाल रेघ दिसेपर्यंत डावीकडे जा" हा नियम ठेवावा. ओळीखाली पट्टी धरावी. उजवी बाजू गेलेल्यांना वाचन अधिक जड जाते, कारण पुढचा शब्दच दिसत नाही; त्यांनी पट्टी उजव्या कडेला लावावी.

पाणी, औषधे, हाक मारायची घंटा दिसणाऱ्या बाजूला ठेवा. न दिसणाऱ्या बाजूने एकदम अंगाला हात लावू नका, आधी बोला. चालताना मात्र त्याच बाजूने सोबत करा. पायरीच्या कडेला पांढरा रंग द्या. चूल आणि विहिरीचा काठ येथे एकट्याला सोडू नका. तपासणी होऊन डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय वाहन चालवू देऊ नका, मग ती घरासमोरची चक्कर का असेना.

आमच्या दुकानदारांनी पाच महिन्यांनी पुन्हा गल्ला सांभाळायला घेतला. पूर्वी त्यांची खुर्ची दुकानाच्या मधोमध असे. डावीकडचे गिऱ्हाईक "शेठ बघतसुद्धा नाहीत" म्हणून निघून जाई. सुनेने खुर्ची अगदी डाव्या भिंतीला लावली. आता सगळे दुकान त्यांच्या उजवीकडे आहे. चटणी ते स्वतः मान वळवून शोधतात, कधीकधी विसरतात, तेव्हा नातू ताट फिरवतो. स्कूटर विकली.