सापुताऱ्याच्या पुढे: दोन दिवसांचं डांग

नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे सापुतारा साधारण ८० किलोमीटर. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या रस्त्याला गाड्यांची रीघ लागते. तळ्यात बोटिंग, रोपवे, हातात मक्याचं कणीस, की संध्याकाळी गाडी परत नाशिककडे. बहुतेकांचं डांग इथेच आटोपतं. सापुतारा हे मात्र या जिल्ह्याचं नुसतं प्रवेशद्वार आहे. पलीकडे आहवा, वघई आणि सुबीर असे तीन तालुके पसरलेले आहेत. साग, बांबू आणि घाटवळणांचा हा मुलूख. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या जेमतेम सव्वादोन लाख भरली होती, गुजरातच्या सगळ्या जिल्ह्यांत सर्वांत कमी.

गुजरातची सीमा ओलांडण्याआधी हतगड पाहून घ्यावा. किल्ला सुरगाणा तालुक्यात, रस्त्यालगतच आहे. चढ सोपा असल्याने पोराबाळांनाही झेपतो आणि माथ्यावरून पुढच्या डोंगररांगांचा अंदाज येतो. सापुताऱ्यानंतर शामगहाणला रस्त्याला दोन फाटे फुटतात, एक आहव्याला आणि दुसरा वघईला. पहिल्या दिवशी आहव्याचा फाटा धरावा.

आहवा हे जिल्ह्याचं ठिकाण. पेट्रोल, एटीएम, औषधं यांची सोय इथेच उरकावी, कारण पुढच्या जंगलात यातलं काही मिळेलच असं नाही. मोबाइलची रेंजही येत-जात असते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. आहव्याच्या उत्तरेला पूर्णा अभयारण्यात महाल इथे, नदीकाठी, गुजरात वनखात्याचं निसर्ग शिबिर आहे. मुक्कामाला यासारखी जागा नाही, पण खोली आधी आरक्षित हवी; ऐनवेळी गेलं तर हात हलवत परतावं लागेल. वघईजवळ किलाडलाही वनखात्याचं असंच शिबिर आहे.

दुसऱ्या दिवशी सिंगाण्याजवळचा गिरमाळ धबधबा पाहावा. गुजरातेतल्या सर्वांत उंच धबधब्यांत त्याची गणना होते. परतताना वघईजवळ गिरा धबधबा लागतो. हा उंचीपेक्षा रुंदीने भव्य वाटतो. दोन्ही पाहायचे तर जुलै ते सप्टेंबर हाच काळ योग्य, उन्हाळ्यात तिथे कोरडा कातळ उरतो. मात्र भर पावसात घाटात दरडी कोसळतात आणि नदीचं पाणी पाहता पाहता चढतं. पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. धबधब्यांवर प्रशासनाने बंदी घातली असेल, तर ती मुकाट पाळावी. चालण्यासाठी आणि रानात भटकण्यासाठी ऑक्टोबर ते जानेवारी हे महिने उत्तम.

मुंबईकरांना आणखी एक वाट आहे. पश्चिम रेल्वेच्या बिलीमोरा स्थानकातून वघईला नॅरोगेज गाडी निघते. बडोद्याच्या गायकवाडांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही ६३ किलोमीटरची लाइन टाकली. जंगलातला साग बाहेर काढायला ती उपयोगी पडली. कोरोनाकाळात बंद पडलेली गाडी सप्टेंबर २०२१मध्ये पुन्हा धावू लागली. एवढ्या अंतराला ती सुमारे तीन तास घेते. निघण्यापूर्वी ताजं वेळापत्रक तपासावं.

जेवणासाठी हॉटेल शोधत बसू नये. रस्त्याकडेच्या साध्या खानावळीत नागलीची भाकरी मागावी. बाई उकड मळून गोळा हातावरच थापते. भाकरी तव्यावर पडली की कडा तडकतात आणि काळपट-तांबूस रंगावर पांढरे डाग उमटतात. सोबत सालीसकट उडदाची दाट डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कोवळ्या बांबूचं लोणचं. बोलायला मराठीवर भागतं, कारण कोकणा, भिल्ल आणि वारली लोकांच्या तोंडची डांगी बोली अहिराणीला जवळची आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डांगवर हक्क सांगितला गेला, त्यात हाही एक मुद्दा होता. १ मे १९६० रोजी जिल्हा गुजरातेत गेला.

होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो. इंग्रजांनी इथल्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं होतं. त्या करारांतून आलेलं वार्षिक मानधन आजही त्यांच्या वंशजांना या दरबारात समारंभाने दिलं जातं. दरबाराच्या जत्रेत पावरी या वाद्याचे सूर ऐकायचे असतील तर मुक्कामाची व्यवस्था बरीच आधी करावी.

काही पथ्यं पाळायलाच हवीत. गुजरातेत दारूबंदी आहे. परवान्याशिवाय गाडीत बाटली बाळगणं हाही गुन्हा ठरतो आणि सीमेवर तपासणी होते. गावाच्या शिवेवर वाघदेवाचे कोरीव खांब आणि मातीचे घोडे दिसतात. ती पूजेची जागा आहे, तिथल्या वस्तू हलवू नयेत, नुसतं पाहून पुढे जावं. माणसांचे फोटो विचारूनच काढावेत. अंधार पडल्यावर घाटात गाडी चालवू नये.

सुट्टी दोनच दिवसांची असेल, तर सापुताऱ्याला एक चहा पुरे. बाकीचा वेळ शामगहाणच्या पुढे घालवावा.