मेंढपाळाची काठी कोणासाठी?

प्रश्न : वसईत मित्राच्या मुलीच्या दृढीकरण संस्काराला गेलो होतो. बिशपांच्या हातात वरच्या टोकाला गोल वळलेली उंच काठी होती. मित्र म्हणाला, ‘ती मेंढपाळाची काठी. बिशप म्हणजे आमचे मेंढपाळ.’ मग भाविक म्हणजे मेंढरं? हे कोणालाच कसं खटकत नाही? शिवाय मेंढपाळ मेंढरं पाळतो ती शेवटी लोकरीसाठी आणि मटणासाठीच ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची मटणाची शंका तिरकस असली तरी नवी नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ती बायबलमध्येच जाहीरपणे विचारली गेली आहे, आणि तीही खूप कडक शब्दांत. तिच्याकडे येण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

मेंढपाळाची प्रतिमा मुळात धर्मगुरूची नव्हे, राजाची. बाबिलोनच्या हम्मुराबीने इसवी सनापूर्वी १७५०च्या सुमारास आपले कायदे दगडावर कोरवले. त्यांच्या प्रस्तावनेत तो स्वतःला मेंढपाळ म्हणवतो. इजिप्तच्या फॅरोंच्या हातातही वाकडी काठी असे. तूतनखामेनच्या सोनेरी शवपेटीवर ती आजही दिसते. पश्चिम आशियात मेंढ्या हीच संपत्ती होती, त्यामुळे ‘मी तुम्हांला चारतो, राखतो’ हे राजाने सांगणं प्रजेला लगेच समजत असे. राजेलोक अर्थातच ते स्वतःच्या कौतुकासाठी सांगत.

यहुदी संदेष्ट्यांनी हेच कौतुक राजांवर उलटवलं. यहेज्केल हा संदेष्टा बाबिलोनमध्ये, बंदिवासात असलेल्या आपल्या लोकांमध्ये राहत होता. त्याच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय म्हणजे इस्राएलच्या राज्यकर्त्यांवरचं आरोपपत्रच आहे. तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पुष्ट मेंढरू कापता, पण कळपाला चारत नाही. दुबळ्याला बळ दिलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधलं नाही. आणि निकाल असा की, देव असल्या मेंढपाळांच्या हातून कळप काढून घेईल आणि स्वतः चारेल. गंमत म्हणजे त्याच अध्यायात मेंढरांनाही सूट नाही. जी धष्टपुष्ट मेंढरं दुबळ्यांना शिंगांनी ढकलतात आणि आपलं चरून झाल्यावर उरलेलं कुरण तुडवतात, त्यांचाही न्याय होणार आहे.

येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात हा सगळा इतिहास असतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातलं वर्णन तिथल्या रोजच्या व्यवहारातलं आहे. रात्री मेंढरं भिंत घातलेल्या वाड्यात कोंडायची आणि दारावर राखणदार बसवायचा. सकाळी मेंढपाळ येऊन हाक मारतो. त्याची मेंढरं ती हाक ओळखून त्याच्यामागे बाहेर पडतात. परक्याच्या हाकेला दाद देत नाहीत. तो पुढे, कळप मागे. हाकणं नाही, हाक देणं. इथे मोलकरीही येतो. लांडगा दिसला की तो पळतो, कारण मेंढरं त्याची नाहीत. उत्तम मेंढपाळ मात्र मेंढरांसाठी जीव देतो. तुमच्या मटणाच्या हिशेबात नेमकी इथे उलटापालट होते. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात तर कोकराच मेंढपाळ होतो.

आता मेंढरांच्या अकलेबद्दल. आपण ‘मेंढरासारखे’ म्हणतो तेव्हा डोकं न चालवता मागोमाग जाणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. वरच्या वर्णनातली मेंढरं मात्र आवाज पारखून मगच पाय उचलतात. प्रत्यक्षातही मेंढी आपण समजतो तितकी मठ्ठ नसते. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहॅम संस्थेतल्या संशोधकांनी २००१मध्ये दाखवलं, की मेंढ्या इतर पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवू शकतात. (आपल्यातल्या कित्येकांना लग्नाच्या मांडवात हे जमत नाही.)

एक गोष्ट बऱ्याच प्रवचनांत ऐकू येते : वारंवार पळणाऱ्या कोकराचा मेंढपाळ पाय मोडतो आणि तो बरा होईपर्यंत त्याला खांद्यावर वागवतो, म्हणजे त्याला लळा लागतो. ही कथा बायबलमध्ये कुठेही नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात शंभरांपैकी हरवलेलं एक मेंढरू शोधून मेंढपाळ ते आनंदाने खांद्यावर घेतो, इतकंच. त्याला रागावल्याचाही उल्लेख नाही. शिक्षेचा भाग नंतरच्या सांगणाऱ्यांनी घातलेला आहे, आणि तो मूळ गोष्टीच्या अगदी विरुद्ध जातो.

हे खांद्यावरचं मेंढरू कलेत फार दूरवर गेलं. रोमच्या भुयारी दफनस्थळांत तिसऱ्या शतकापासून ते चित्रात आहे. तरणा, दाढी नसलेला मेंढपाळ ग्रीकांच्या जुन्या मूर्तींसारखाच दिसतो, म्हणजे नमुना आयता घेतलेला. पण सर्वांत वेगळा अवतार घडला तो गोव्यात. सतराव्या शतकात तिथल्या कारागिरांनी हस्तिदंतात बाळयेशू मेंढपाळ कोरला. लोकरीचा अंगरखा, खांद्यावर कोकरू, मांडीवर दुसरं, गालाला हात लावून डोळे मिटलेले. खाली डोंगराचे मजले, त्यांतून झरा, झऱ्यावर पाणी पिणारे पक्षी आणि पायथ्याच्या गुहेत पहुडलेली येशूची शिष्या मग्दालिया मरिया. या ध्यानमग्न बैठकीत काही अभ्यासकांना बुद्धमूर्तीची छाया दिसते. मलाही ती दिसते. अशी शिल्पं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

मग ही पदवी धर्मगुरूंकडे कशी आली? योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पेत्राला, म्हणजे कॅथलिक ज्याला पहिला पोप मानतात त्या आपल्या शिष्याला, तीनदा सांगतो, की मेंढरांना चार आणि राख. पण तिन्ही वेळा ती ‘माझी’ मेंढरं असतात, पेत्राची नव्हेत. पेत्राच्या पहिल्या पत्रात मंडळीच्या वडिलांना ताकीद आहे : पैशाच्या लोभाने राखू नका, सत्ता गाजवू नका, मुख्य मेंढपाळ येणार आहे. म्हणजे बिशप किंवा पाळक हा कळपाचा मालक नाही, हिशेब द्यावा लागणारा राखणदार आहे. भाविकांना शब्द खटकत नाही, याचं मला हेच कारण वाटतं : त्या शब्दाने बांधला जातो तो पुढारी. तो शब्द धर्मगुरूंनी नेहमी पाळला असं कोणी म्हणणार नाही. पण चुकलेल्या धर्मगुरूला जाब विचारायचा तर यहेज्केल हाताशी आहे. २०१३च्या मार्चमध्ये, नुकतेच पोप झालेल्या फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना सांगितलं, की तुमच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा.

राहिली काठी. बिशपच्या काठीचा उल्लेख स्पेनमधल्या तोलेदोच्या ६३३ सालच्या धर्मसभेत सापडतो. वळण मात्र सक्तीचं नाही. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरांत आडव्या मुठीच्या काठ्याही चालतात. पोपच्या हातात सहसा वळणाची काठी नसते, त्यांच्या दंडावर क्रूस असतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी याची दोन कारणं नोंदवली आहेत. एक, पेत्राने आपली काठी एका मृत शिष्याला उठवण्यासाठी दिली आणि तो पुढे जर्मनीतल्या ट्रिअरचा बिशप झाला. म्हणून पोपने वळणाची काठी घ्यायची ती फक्त ट्रिअरमध्ये. दुसरं, वळण हे मर्यादित अधिकाराचं चिन्ह आहे, आणि पोपचा अधिकार एका धर्मप्रांतापुरता नाही. दुसरं कारण अधिक पटणारं, पण मला आवडतं ते पहिलं.