वंशावळ संगणकावर कशी मांडावी?

प्रश्न: आजोबांची वही आणि छापील कुलवृत्तांत घरात आहे. वंशावळीसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? सुरुवात कुठून करावी?

उत्तर: आधी पैसे घालवू नका. 'ग्रॅम्प्स' मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, देवनागरी नावंही घेतं. दुसरं काही निवडलंत, तर त्यातून माहिती 'जेडकॉम' स्वरूपात बाहेर काढता येते ना, एवढं बघा; म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी सगळं पुन्हा टंकायला नको.

मूळपुरुषापासून सुरुवात करण्याचा मोह टाळा. स्वतःपासून मागे जा. स्त्रियांचं माहेरचं नाव मुख्य ठेवून सासरचं पर्यायी नाव म्हणून जोडा. अनेक कुलवृत्तांतांत लेकी-सुनांची बोळवण एका ओळीत झालेली असते. ती उणीव इथे भरून काढा. दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदात्या आणि दत्तक अशा दोन्ही कुटुंबांशी जोडता येतं.

'शके १७८२' अशी नोंद टिपणात जशीच्या तशी ठेवा. इसवी सनासाठी ७८ मिळवा. महिना पौष ते फाल्गुन असेल तर बहुधा ७९. तिथी नसेल तर वर्षाआधी 'सुमारे' लावा. आणि प्रत्येक नोंदीला आधार जोडा: वहीचं पान, सातबारा की आत्याची आठवण.