दहा मिलिमीटरची सेना: रंगवायला खर्च किती?

टेबलावर खेळायच्या युद्धखेळासाठी फँटसी सेना उभी करायची, तर आधी शिपायांच्या उंचीचं माप ठरवा. खर्चाचा आकडा तिथेच ठरतो. वॉरहॅमर हा युद्धखेळ म्हटलं की बहुतेकांना 28 मिलिमीटरचे शिपाई आठवतात आणि त्यांच्या किमती पाहून पुष्कळ जण छंद सुरू होण्याआधीच थांबतात. अशांनी 10 मिलिमीटरचा विचार जरूर करावा. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने 2000 साली रिक प्रिस्टली यांचा ‘वॉरमास्टर’ हा खेळ याच मापात आणला. कंपनीने तो पुढे बंद केला, पण खेळाडूंनी नियम सुधारून ‘वॉरमास्टर रेव्होल्यूशन’ या नावाने चालू ठेवले आहेत. ते मोफत मिळतात, त्यामुळे नियमपुस्तकावर एक रुपयाही जात नाही.

या खेळात एका तुकडीला 40 बाय 20 मिलिमीटरचे तीन बेस, म्हणजे शिपाई चिकटवायचे तुकडे, लागतात आणि पायदळाच्या प्रत्येक बेसवर साधारण दहा शिपाई उभे राहतात. सुरुवातीची हजार गुणांची सेना म्हणजे सात तुकड्या पायदळ आणि तीन तुकड्या घोडदळ धरू. शिपाई आणि स्वार मिळून अडीचशेच्या आसपास होतात. आकडा ऐकून घाबरू नका, पुढे वेळेचा हिशोब दिला आहे.

शिपाई मिळवायचे दोन मार्ग. ब्रिटनमध्ये पेंड्रेकन, कॅलिस्ट्रा यांसारखे जुने उत्पादक या मापाचे किंवा त्याच्या जवळपासचे शिपाई विकतात. मात्र परदेशातून मागवताना सीमाशुल्क मालाच्या किमतीवर आणि टपालखर्चावरही लागतं, हे धरूनच ऑर्डर द्या. दुसरा मार्ग रेझिन थ्रीडी प्रिंटिंगचा. फाइल विकत घ्यायची आणि पुण्या-मुंबईत प्रिंट करून देणाऱ्याकडून काढून घ्यायची. हे लोक बहुधा वजनावर पैसे घेतात. ग्रॅममागे दहा ते पंचवीस रुपये आणि प्रिंट होताना शिपायांना धरून ठेवणाऱ्या आधारकाड्यांसकट तीनशे ग्रॅम धरले, तर तीन ते साडेसात हजार होतात. कोटेशन घेताना आधारकाड्यांचं वजन आणि धुऊन, पक्कं करून देण्याचा खर्च त्यात आहे का, हे स्पष्ट विचारा. आणखी एक आग्रहाची गोष्ट: बहुतेक फाइली फक्त स्वतःच्या वापरासाठी असतात. तयार प्रिंट विकणाऱ्याकडे मूळ कलाकाराचा विक्री परवाना आहे का, ते विचारूनच पैसे द्या. हा छंद त्या कलाकारांच्या कष्टावर उभा आहे.

आता रंग. सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथेच. पन्नास बाटल्यांचा संच मोहात पाडतो, पण अडीचशे छोट्या शिपायांना रंग इतका थोडा लागतो की 18 मिलिलिटरची एक बाटली अख्ख्या सेनेला पुरते. मी आठ बाटल्यांवर थांबायला सांगेन: गणवेशाचे दोन रंग, कातडी तपकिरी, त्वचा, चांदीसारखा धातू, काळा, पांढरा आणि ध्वजासाठी एक ठसठशीत रंग. गणवेश, चामडं आणि त्वचा यांसाठी सिटाडेल काँट्रास्ट किंवा आर्मी पेंटर स्पीडपेंट जातीचे पारदर्शक रंग घ्या. ते खाचांत साचून सावली देतात आणि उंचवट्यांवर फिके राहतात, म्हणजे एका हातात दोन कामं होतात. आयात बाटलीला सरासरी साडेतीनशे रुपये धरा. आठांचे 2,800.

बेसवरच्या जमिनीला मात्र महाग रंग वापरू नका. कॅमलची ॲक्रिलिक ट्यूब तिथे उत्तम चालते. बारीक चाळलेली वाळू, फेविकॉल आणि लेझरने कापून घेतलेले एमडीएफचे तुकडे, सगळं मिळून पाचशेत बसतं. ब्रशवर चारशे पुरेत: दोन बारीक सिंथेटिक आणि ड्रायब्रशसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग फिरवण्यासाठी, मेकअपचा एक मऊ गोल ब्रश. प्रायमर आणि मॅट वार्निशला हजार धरा. रंगकामाचा एकूण खर्च 4,700 आणि प्रिंट केलेले शिपाई धरून साधारण आठ ते सव्वाबारा हजार. फाइलींची किंमत वेगळी. भाव दुकानागणिक बदलतात, खरेदीआधी दोन ठिकाणी विचारा.

कोकणपट्टीत आणि मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्याचं भान ठेवावं. दमट हवेत स्प्रेचं वार्निश पांढुरकं पडतं आणि महिन्याभराची मेहनत धुकटते. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमर आणि वार्निश वापरा. कोरड्या दिवसांत स्प्रे वापरलात तरी मास्क लावून, उघड्या गच्चीवर. पक्कं न झालेल्या रेझिनला उघड्या हाताने कधीही शिवू नका.

कामाची रीत सोपी आहे. शिपाई बेसवर चिकटवण्याआधी, पाच-पाचच्या ओळी आइस्क्रीमच्या काडीवर दुहेरी टेपने बसवा. काळा प्रायमर, त्यावर राखाडी आणि मग पांढऱ्याचा ड्रायब्रश, आणि वरून पारदर्शक रंग. रंग मोठ्या शिपायावर घ्याल त्यापेक्षा एक छटा उजळ घ्या. एवढ्याशा आकारावर सगळं गडद दिसतं आणि हातभर अंतरावरून सेना काळपट होते. डोळे, बटणं, पट्ट्यांच्या कडा यांच्यामागे लागू नका. नजर ठरते ती ध्वजावर, भाल्यांच्या पात्यांवर, चेहऱ्याच्या ठिपक्यावर आणि बेसच्या एकसारख्या कडांवर. ही चार ठिकाणं नीट झाली की सेना देखणी दिसते. तुकडीला अडीच ते तीन तास धरा, म्हणजे सगळी सेना पंचवीस ते तीस तासांची.

सेना पैसे देऊन रंगवूनही घेता येते. श्रीलंकेत असं काम करणारे व्यावसायिक आहेत. पण या मापात मजुरी शिपायांच्या किमतीला सहज मागे टाकते, आणि स्वतः रंगवणं इतकं जमण्यासारखं असताना तो खर्च मला पटत नाही.

सगळी खरेदी एकदम करू नका. एका तुकडीचे शिपाई, तीन बाटल्या आणि एक ब्रश घ्या. ती तुकडी पुरी रंगवा, बेससकट. ती आवडली तरच उरलेल्या नऊ तुकड्यांची ऑर्डर द्या.