भजनाचे मशीन

वर्धा जिल्ह्यात खंजिरी भजन ऐकले नाही असा माणूस विरळा. तुकडोजी महाराजांनी ते गावोगाव नेले. पवनारला भजन असले, की आवाज धाम नदीच्या पलीकडे गेला पाहिजे असे पोरांना वाटते. मग मशीन येते. मशीन म्हणजे अँप्लिफायर.

त्याचे काम काय? माईक आवाजाची बारीकशी वीज करतो. मशीन त्या विजेला जोर देते. भोंगा त्या विजेचा पुन्हा आवाज करतो. शहरातल्या पोरांच्या इलेक्ट्रिक गिटारचेही असेच. तिथे तारांखालचे लोहचुंबक आणि वेटोळे माईकचे काम करतात, इतकेच.

आता प्लग हातात घ्या. त्याला तीन पिना आहेत. वरची पिन जाड आणि लांब आहे.

"दोनवर चालते नं भाऊ, तिसरी काह्याले पाहिजे?" असे म्हणून ती मोडणारा कोणीतरी भेटतोच. त्याला मशीनला हात लावू देऊ नका. ती अर्थिंगची पिन आहे. आतली एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर वीज या पिनेतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर फ्यूज उडत नाही. वीज पत्र्यावर येते, आणि तिथून माईकच्या वायरीतून थेट माईकच्या दांड्यावर येते. बुवा अनवाणी, जमीन ओली, हातात लोखंडी दांडा. २३० व्होल्टचा धक्का माणूस मारतो.

३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वे नावाचा गिटार वाजवणारा असाच गेला. गळ्यात गिटार होती आणि माईकला हात लागला. माईकला अर्थिंग नव्हते. वय २७ वर्षांचे.

म्हणून भजनाआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगचा खड्डा आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत जा. ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा ब्रेकर मिळतो. दुसरा भोंगा घेण्याआधी तो घ्या. कोणाला धक्का बसलाच तर त्याला ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा.

फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तांब्याची जाड तार घालणे म्हणजे मशीन जाळणे.

शीळ का वाजते? भोंग्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा शिरतो. भोंगे माईकच्या पुढे बांधा, तोंड लोकांकडे करा. आवाज फाटू लागला तर कमी करा. फाटक्या आवाजानेच भोंग्याचे युनिट जळते. भोंग्याच्या दोन तारा एकमेकींना टेकू देऊ नका.

मशीन बॅटरीवर लावताना लाल तार अधिक खुणेला जोडा. चालू मशीनवर कापड टाकू नका, त्याला वारा लागतो. घरी ठेवताना मात्र झाका. उंदीर वायरी कुरतडतात. झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढला तरी आत काही वेळ वीज साठलेली असते.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावायला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. काही सणांना सरकार १२ पर्यंत सूट देते. एरवीही लेखी परवानगी लागते. दहाच्या आधी आवाजाची कळ शून्यावर आणा, मशीन बंद करा, मग प्लग धरून काढा. वायर ओढून नव्हे.